काळविटाची मूठ

तनुजाचा हात चाबकात अडकलाय हे आधी कुणाला कळलंच नाही, कारण आरती चालली होती.

खंडेनवमीची सकाळ. तिच्या सासऱ्यांनी, हिंमतरावांनी, कोथरूडच्या बंगल्यातल्या हॉलमध्ये पाटावर लाल कापड घालून घराण्याचे चाबूक मांडले होते. एक पाकट माशाच्या शेपटीचा, अंगभर काटे. एक हत्तीच्या शेपटीचे केस वळून केलेला. आणि मधोमध सगळ्यांचा राजा, त्याची मूठ म्हणजे काळविटाचा अख्खा पाय. खराखुरा पाय, केसांसकट, खुरासकट. वरच्या टोकाला लांबलचक वादी आणि खुराशी कच्च्या कातड्याचा फास, मनगटात अडकवायला. खुराच्या जरा वर एक काळी रेघ होती. हिंमतराव पाहुण्यांना ती बोटानं दाखवायचे, "अस्सल जुना माल, बरं का. ही त्याची खूण."

एरवी चाबकांना नुसतं हळदकुंकू. पण घरात नवी सून आली की त्या वर्षी या एकाला दुधापाण्यानं अंघोळ, आणि सुनेनं त्या ओल्या फासात हात घालून आरती संपेपर्यंत उभं राहायचं. म्हणजे ती घराण्याची झाली. ओल्या फासात तनुजाचा हात बांगडी भरावी तसा गेला. डोक्यावर पंखा फुल. हिंमतरावांच्या आरत्या काही दोनावर थांबत नाहीत. कातडं वाळत गेलं, आणि वाळता वाळता आवळत गेलं.

"बाबा, हे निघत नाहीये," कापूर विझायच्या आत तनुजा म्हणाली.

"निघंल की. हात सैल सोड, सूनबाई."

तिनं सैल सोडला. नवऱ्यानं, अभिनवनं, ओढून बघितलं. तेल लावलं, मग साबण. बोटं जांभळी पडायला लागली. खाली गेटवर तिनं बोलावलेली कॅब उभी होती आणि अकराला बाणेरला तिचा इंटरव्ह्यू होता, लग्नानंतरचा पहिलाच. महिनाभर नाही नाही म्हणून शेवटी हिंमतरावच म्हणाले होते, पूजा कर आणि जा.

"कात्री आणतो," अभिनव म्हणाला.

"हात लावशील तर बघ. माझ्या पणज्याचा चाबूक हाय तो."

"मग दवाखान्यात नेऊ."

"ने ना. तिथं विचारतील, ही काळविटाची तंगडी कुठनं आणली? मग तू पण जा आत, मी पण येतो. डबा तेवढा सूनबाई पाठवंल."

ड्रायव्हरचा फोन वाजत होता आणि तनुजाला तो डाव्या हातानं नीट उचलताही येत नव्हता.

"पाण्यात भिजवलं तर सैल होईल ना, बाबा? ओलं असताना गेलाच होता हात."

"पाणी अजिबात नाही. शिंपडलं तेवढं ठीक. बुडवला तर खूर सुटंल. आणि तुलाच कसं झालं हे? तुझ्या सासूनं पण घातला होता हात. हूं का चूं नाही केलं. काय गं?"

सासूबाई, सत्यशीलाबाई, निरांजनाची वात सारखी करत होत्या.

तनुजा उठली आणि सरळ बाथरूमकडे चालायला लागली. मनगटाला काळविटाचा पाय लोंबत होता, मागून वादी फरशीवर घासत येत होती. "ए, ए, कुठं?" हिंमतराव उठेपर्यंत तिनं आत जाऊन कडी लावली. पण वादीचं टोक बाहेर राहिलं. दाराखालच्या फटीतून ती वादी एकदम ताणली गेली, हात दाराकडे ओढला गेला, आणि ती गुडघ्यावर आली.

"दार उघड, सूनबाई. चाबूक भिजवायचा नाही."

तिनं पायानं बादली जवळ ओढायला बघितलं. पाय पोचेना. बाहेरून ओढ तशीच. कॅबवाल्याचा फोन वाजून वाजून बंद झाला. तनुजा दाराला टेकून बसली, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की आता काही आपण कुठं जात नाही.

"अहो, सोडा ते," बाहेर सत्यशीलाबाईंचा आवाज आला.

"तू मधे पडू नको."

"सोडा म्हणते ना."

वादी सैल पडली.

तनुजानं नळ सोडला आणि काळविटाच्या पायासकट हात कोपरापर्यंत बादलीत घातला. गार पाणी. केस वर तरंगले. कितीतरी वेळ काहीच होईना, मग ती काळी रेघ उघडली आणि खूर हळूच कलंडला. आत हाड नव्हतं. आत एमसील भरलेलं होतं, नळाला लावतात ते, करडं, घट्ट वाळलेलं. त्यात एका बारीक बोटाचा ठसा होता.

दारावर टकटक झाली, अगदी हळू.

"तनुजा, गिझर लावलाय बघ. डावीकडचा नळ. गार पाण्यानं फास सुटेपर्यंत माझी दुपार झाली होती."