पहिला घास

मिठाची वाटी दिव्याच्या स्टँडमागे तशीच भरलेली होती. सुनेला ती आत्ता दिसली. रश्शाचं पातेलं केव्हाच उतरलं होतं. पहिला वाडगा बाहेर गेलाही होता.

ती सासूच्या कानाशी लागली. "आई, रस्सा अळणी गेलाय."

कसं झालं हे दोघींना लगेच कळलं. रोज सासू पातेल्याच्या अंदाजाने मीठ वाटीत काढून चुलीशेजारी ठेवायची आणि उकळी फुटली की सून ते घालायची. आज पाहुण्याला उकळता रस्सा कॅमेऱ्यात घ्यायचा होता, म्हणून कट्ट्यावर त्याच्या दिव्याला जागा केली आणि वाटी मागे सरकली. सासूला वाटलं सुनेने घातलं, सुनेला वाटलं सासूने. चाखून पाहायचा प्रश्नच नव्हता. या स्वयंपाकघरात रांधताना देवाचं नाव घ्यायचं, चव घ्यायची नाही. पहिला घास पाहुण्याचा. त्यानंतर जग.

आणि आजचा पाहुणा म्हणजे खवय्याभाऊ! तो मोबाईलवर "इथे जा" म्हणाला की माणसं गाड्या काढून निघायची. हमरस्ता गावाबाहेरून गेल्यापासून खानावळीची बाकं रिकामी पडत चालली होती. एवढ्या महिन्यात गिऱ्हाईक वाढलं नाही तर शटर ओढायचं, असं घरात ठरून गेलं होतं. सुनेने मेसेजवर मेसेज पाठवून, अक्षरशः हातापाया पडून त्याला आणलं होतं.

दोघी खिडकीशी खिळून उभ्या राहिल्या.

बाहेर लाइव्ह सुरू झालं होतं. खवय्याभाऊ रश्शाच्या रंगावर बोलला, वाफेवर बोलला, पाव मोडून त्याचा आवाज कॅमेऱ्याला ऐकवला. मग नेहमीप्रमाणे शेजारच्या टेबलाकडे वळला. त्याची ही सवय बघणाऱ्यांना फार आवडायची. तिथे रोजचा ट्रक ड्रायव्हर आपल्या वाडग्याची वाट बघत बसला होता.

"काका, काय आहे हो इथल्या चवीत?"

"मिठाचा हात!" ड्रायव्हर खुलला. "असा, की जीभ तक्रारच विसरते. घरी हे बोलू नका म्हणजे झालं."

खवय्याभाऊ हसला. त्याने पाव बुडवला, घास घेतला, डोळे मिटले. सुनेने पदराचं टोक दातात धरलं.

"वाह! मंडळी, याला म्हणतात मिठाचा हात! जीभ तक्रारच विसरली!"

सुनेच्या जिवात जीव आला. "त्याला कळलंच नाही, आई! देव पावला."

"पावला असता तर मीठ घालून पावला असता," सासू म्हणाली. "कळलं कसं नाही? माझी लाज राखतोय बिचारा." आणि तिने वाटी उचलली.

सुनेने तिचं मनगट धरलं. "बाहेर जाऊ नका. लाइव्ह आहे. सगळे बघतायत."

"म्हणूनच जाते. नंतर सांगून ऐकणार कोण?"

"अहो, उद्यापासून मीठ घालूच की! लोक येऊ तर देत!"

"उद्याचं उद्या. आज माझ्या हातचं अळणी पाहुण्याच्या पोटात जातंय आणि त्याच्या तोंडून खोटं निघतंय. दोन्ही माझ्याच घरात." तिने मनगट सोडवून घेतलं, हलकेच. "शटर ओढायचंच असेल तर स्वच्छ हातांनी ओढू."

ती बाहेर आली ती थेट कॅमेऱ्यासमोर. कुठे बघायचं हे तिला ठाऊक नव्हतं. ती मोबाईललाच हात जोडून उभी राहिली.

"मंडळी, मी इथली रांधणारी. आज रश्शात मीठ पडलेलं नाही. चूक माझी. हा पोरगा भला आहे, मला वाईट वाटू नये म्हणून गोड बोलला. त्याला नावं ठेवू नका."

ड्रायव्हर वळून खवय्याभाऊकडे बघू लागला. खवय्याभाऊचा चेहरा पार उतरला. पडद्यावर बघणाऱ्यांनी लिहिलेली अक्षरं भराभर वर सरकू लागली. ती वाचायला त्याची मान उचलेना. चांगुलपणा उघडा पडला की माणूस असा लाजतो, असं म्हातारीला वाटलं आणि तिला त्याचं फारच कौतुक वाटलं. तिने चिमूटभर मीठ त्याच्या वाडग्यात सोडलं, चमच्याने ढवळलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"घे बाळा. आता खरं काय ते सांग."

त्याने घास घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग सवयीने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरच्या पुढ्यात अजून वाडगाच नव्हता. त्याने खिडकीतल्या सुनेकडे पाहिलं. ती त्याच्या एका शब्दासाठी देव पाण्यात घालून बसल्यासारखी हात घट्ट आवळून उभी होती. एक "वाह" पुरला असता. तिची खानावळ तरली असती आणि त्याचं दुकानही चालू राहिलं असतं. पाठीवरचा हात मात्र हलत नव्हता.

त्याने चमचा खाली ठेवला. मोबाईल स्वतःकडे वळवला. बंद केला नाही.

"मावशी," तो म्हणाला, "आधीचा घास आणि हा घास, मला दोन्ही सारखेच. मागच्या वर्षी तापातून उठलो, तेव्हापासून मला कशाचीच चव कळत नाही."