आतून लावायचा लोड

थेल्मानं शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि दाराखालच्या फटीला लावायचा लोड मांडीवर थोपटून सारखा केला. यॉर्कशायरच्या टेकडीवरच्या त्या दगडी घरात जानेवारीचा वारा हक्कानं शिरायचा, दार बंद असलं तरी. लोड म्हणजे तिच्या नवऱ्याच्या कॉर्डुरॉय विजारीचा एक पाय. आत जुने पायमोजे, वजनाला थोडी वाळू.

"मागच्या वेळी तांदूळ भरले होते. उंदरांनी नाताळ केला नुसता."

क्लाइव्ह, तिचा मुलगा, हसला नाही. हॅलिफॅक्सच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. ऑक्टोबरमध्ये ती स्वयंपाकघरात पडली, खुबा मोडला, तेव्हापासून त्याचं हेच पालुपद चाललं होतं.

"तिथं खोलीखोलीत हीटर आहेत, आई. असले लोड शिवत बसायला नको."

"मग करू काय? खिडकीत बसून तुझी वाट बघू?"

"शीव गं हवे तेवढे. पण लावणार कोण? बाबा होते तोवर ते लावायचे."

"चहासुद्धा तेच करायचे. मग मी काय तहानेनं मेले?"

क्लाइव्हनं कोट अंगात चढवला. लोड आतूनच लावावा लागतो. निघणाऱ्याला तो लावून जाता येत नाही. मागं राहील त्यानं वाकायचं. आई अजून वाकू शकते का, हे त्याला ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, म्हणून त्यानं विचारलं नाही.

चारलाच अंधारून आलं. त्यानं तिच्या गालाचा पापा घेतला, बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि पायरीवरच उभा राहिला. दाराखालून बोटभर उजेड बाहेर येत होता. आत काठी टेकल्याचा आवाज झाला, मग खुर्ची सरकल्याचा. उजेड बिजागरीच्या बाजूनं मिटत आला आणि मध्यावर थांबला.

क्लाइव्हचा हात दाराच्या मुठीवर गेला. दार आत उघडणारं. ढकललं असतं तर लागलेला अर्धा लोड सरकला असता, आणि दारामागं ती. त्याला रडू यायला लागलं. त्यानं हात काढून कोटाच्या खिशात घातला.

"सरक की मेल्या!" आत ती विजारीवर खेकसली.

उरलेला उजेडही गेला.

"क्लाइव्ह," धापा टाकत ती दारापलीकडून म्हणाली, "गाडीचा आवाज नाही आला मला. जा आता, गारठशील."