थपडेचा दोष

थोरल्या ताईचं लग्न झालं त्या वर्षी माझ्या वडिलांनी, दादांनी, रागाच्या भरात माझ्या कानशिलात लगावली आणि आठवड्याभरात माझा डावा डोळा गेला. त्यानंतर त्यांनी कुणावरच हात उगारला नाही. आम्ही बापलेक सुतार. “फळी सरळ आहे का बघताना मला डोळा मिटावा लागत नाही, दादा,” अशी मी चेष्टा करायचो. ते मान फिरवायचे.

यंदा माझ्या मुलीच्या डोळ्याचा पडदा सरकला. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, अंथरुणाला खिळलेल्या दादांचंही. मी त्यांना थपडेचं सांगितलं होतं; मग त्यांनी मला समजावलं, “डोळ्यातली जेली कोलॅजनच्या धाग्यांवर तोललेली असते. तीन पदरांचा पीळ घातलेली बारीक दोरीच समजा. तो पीळ घडवणारं जनुक तुम्हा तिघांमध्ये सदोष आहे, आजोबा, तुम्ही आणि मुलगी. म्हणून जेली पातळ होते, पडदा फाटतो. तुमचा डोळाही तसाच गेला असणार, थपडेनं नव्हे.”

मी धावतच घरी आलो. “दादा, सुटलात! तुमच्या हातानं नाही गेला माझा डोळा. हे रक्तातून आलंय.”

दादा कितीतरी वर्षांनी हसले. डोळे पुसत म्हणाले, “मग पोरीला कुणाकडून आलं रे?”

“माझ्याकडून.”

“आणि तुला?”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.


दादा नातीच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गेले.