रुंद पाइपची ट्यून

पिकअप ओढून आणून गॅरेजच्या दारात सोडली, तेव्हा वस्ताद हातातला पाना पुसत उभे होते. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता.

मुलगा खाली उतरला. झोपलेल्या नातीला खांद्यावर टाकून सून उतरली. मागे हौद्यात कपाट, गाद्या, नातीची तीनचाकी सगळं बांधलेलं तसंच होतं. मुलाला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. सकाळी बिऱ्हाड घेऊन निघालेली ही मंडळी दुपारी परत दारात.

"चढावर इंजिन ठोकायला लागलं आणि बंदच पडलं," मुलगा म्हणाला. "बाबा, काल कुठली ट्यून भरलीत?"

वस्तादांनी लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे सरकवला. मुलाने पडद्यावरच्या फायलीचं नाव वाचलं.

"ही जुन्या डब्याची आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

मुलाने हौसेने पिकअपला बाजारातला रुंद हवेचा पाइप बसवून घेतला होता. कंपनीच्या जुन्या एअर फिल्टरच्या डब्यापेक्षा त्यातून हवा जास्त येते, आणि ते ट्यूनची फाईल भरून इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर तो आपला जुन्याच अंदाजाने पेट्रोल सोडत राहतो. मग इंजिन अर्धपोटी पळतं, तापतं आणि भर चढावर मान टाकतं. हे सगळं मुलाला शिकवलं कुणी? वस्तादांनीच. ज्या पाइपला जी ट्यून, तीच भरायची, यासाठी तर लोक लांबून त्यांच्याकडे गाड्या आणायचे. पट्टीचा पोहणारा बुडतो म्हणतात खरं, पण हा गुडघाभर पाण्यात बुडाला होता.

"चूक झाली," वस्ताद म्हणाले. मान काही वर होईना.

"मागून ट्रक येत होता," सून म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं सांगत होती. "अगदी हातभरावर थांबला, बाबा."

वस्ताद त्या दिवशी जेवले नाहीत.

इंजिन उघडलं तर पिस्टन जळालेले. नोकरीवाले महिनाभर थांबायला तयार झाले, एवढंच नशीब. वस्तादांनी स्वतः इंजिन बांधायला घेतलं. शेजारच्या पंक्चरवाल्याची जीभ मात्र कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती.

"वस्ताद, आज कुणाच्या गाडीत कुणाची ट्यून?" तो रोज सकाळी ओरडून विचारायचा, आणि गिऱ्हाइकं हसायची.

एरवी वस्तादांनी त्याला अशी चपराक दिली असती, की दिवसभर त्याला स्वतःच्याच तोंडाचं पंक्चर काढत बसावं लागलं असतं. आता ते पिकअपच्या खाली शिरायचे आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत बाहेर यायचे नाहीत.

मुलाने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. लहान मुलाला न्यावं तसं, हाताला धरून. वस्तादांनी शेवटच्या ओळीतली बारीक अक्षरंसुद्धा घडाघडा वाचली.

"नंबर आहे तोच आहे," डॉक्टर म्हणाले. "नजर उत्तम आहे यांची."

मुलाचा चेहरा उजळायच्या ऐवजी उतरला. डोळे ठीक, म्हणजे मग दुसरंच काहीतरी. संध्याकाळी मुलाने लॅपटॉपवरच्या सगळ्या फायलींना मोठ्या अक्षरांत नवी नावं दिली. "नुसतं वाचलं तरी कळेल," तो म्हणाला. "काही लक्षात ठेवायला नको." ज्याला बोट धरून पाना ओळखायला शिकवला, तो आता आपल्याला अक्षरं दाखवतो आहे. वस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरात मात्र पूर्वीसारखीच वर्दळ होती. सून वेळेवर ताट वाढायची. नात मांडीवर बसून त्यांच्याच ताटातलं खायची आणि तिथेच पेंगायची. तिच्या केसांवरून हात फिरवताना वस्तादांना बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचीच लाज वाटायची. मग तो हातभरावर थांबलेला ट्रक आठवायचा आणि हात थांबायचा.

इंजिन तयार झालं त्या दिवशी मुलगा गॅरेजच्या बाकावर त्यांच्याशेजारी येऊन बसला.

"बाबा, मी त्या लोकांना नाही म्हणून कळवतो."

"का?"

"तुम्हाला असं एकटं टाकून कसा जाऊ? आज ट्यून चुकली. उद्या गॅस चालू राहिला तर? आम्ही इथंच राहतो. हिचीही हरकत नाही."

समोर नात पिकअपच्या चाकाला टेकून स्वतःशीच गात होती.

"तू जाणार आहेस," ते शेवटी म्हणाले. "तुझी नावं पूस त्या फायलींवरून. जुनीच ठेव. सगळ्या माझ्यापुढे टाक आणि बघत बस. चुकलो, तर राहा."

मुलाने नाइलाजाने तसं केलं. पडद्यावर एकासारख्या एक फायलींची रांग लागली, नावांत फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. वस्तादांनी एकीवर बोट ठेवलं. मुलाने दोनदा तपासून पाहिली. रुंद पाइपचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिऱ्हाड पुन्हा निघालं. सून पाया पडली, तेव्हा वस्तादांना तिच्याकडे बघवेना. पिकअप वळणाआड गेली तरी ते रस्त्यातच उभे होते. चढ पार झाल्याचा मुलाचा फोन आला, तेव्हा कुठे ते मटकन बाकावर बसले.

पंक्चरवाला हात पुसत आला. आज त्याने चेष्टा केली नाही.

"जाऊ द्या वस्ताद, माणूस आहे, चुकतं एखाद्या वेळी," तो म्हणाला. "या खेपेला तर बरोबर सापडली ना?"

वस्तादांनी मान हलवली. मागच्या खेपेलाही ती त्यांना पहिल्याच नजरेत सापडली होती; भरली मात्र त्यांनी तिच्या शेजारची.