रंगाचा चौथा हात

"अहो, हार घालू कुठे?" दसऱ्याच्या सकाळी पूजेचं ताट घेऊन कुंदा विचारत होती.

प्रश्न रास्त होता. दिवाळीतल्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी नवऱ्याने आपली स्पोर्ट्स कार रंगवायला म्हणून घरीच सुटी केली होती. दारं पलंगावर, सीटा गॅलरीत आणि घासूनपुसून प्रायमर मारलेलं बॉनेट डायनिंग टेबलावर.

"बॉनेटला घाल," म्हणत तो आंघोळीला गेला. बाहेर येईपर्यंत बॉनेटवर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक.

"पुसायचं नाही हं, सणाचा दिवस आहे."

त्याने वरून पांढऱ्या रंगाचे तीन हात मारले. तिन्हींतून कुंकू गुलाबी होऊन वर आलं. शेवटी त्याने घरातलं सगळं कुंकूच रंगाच्या डब्यात ओतलं.

स्पर्धेत परीक्षकांनी गाडीभोवती दोन चकरा मारून विचारलं, "ही शेड कुठे मिळाली?"

"देव्हाऱ्यात," कुंदा म्हणाली.