यादीतली पाटी

"कॉट एक, लोखंडी. चाकांची खुर्ची एक," कोर्टाचा बेलिफ मोठ्याने बोलत लिहीत होता. "आता आतली खोली."

धाकटा भाऊ त्या खोलीच्या दारातून हलेना. बहिणीने त्याचा दंड धरून त्याला बाजूला केलं. तो झाला बाजूला. बोलला मात्र नाही.

बाबा गेल्यापासून चार महिने हेच चाललं होतं. तोंडाला कुलूप. जुन्या मृत्युपत्रात घर बहिणीच्या नावावर होतं. ते मृत्युपत्र कोर्टातून मंजूर करून घ्यायच्या तिच्या प्रोबेटच्या अर्जाला त्याने संमती दिली नाही आणि हरकतही घेतली नाही. नोटिसा दाराच्या फटीत तशाच पडून राहिल्या. न्यायाधीशांनी तीनदा विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?" तिन्ही वेळा त्याने नकारार्थी मान हलवली. बाबांचं मी केलं, एवढं बोलला असता तरी राहायला एक खोली मिळाली असती, असं खुद्द तिचा वकील म्हणाला. शेवटी हुकूम निघाला. घर रिकामं करा, सामानाची यादी करा, किल्ल्या बहिणीला द्या.

"मुके आहेत का हो?" बेलिफने हळूच विचारलं.

"कसला मुका. नाटकं नुसती," ती म्हणाली.

तिला त्याची कीव येत नव्हती, चीड येत होती. परगावाहून तीन वर्षं तिला येणं जमलं नव्हतं, पण फोनचा एक रविवार चुकला नव्हता. बाबा मुलखाचे खट्याळ. "काय ठमाबाई, भाजीत मीठ टाकायला शिकलीस का?" इथून सुरुवात. मग भावाच्या तक्रारी. "तो काय करणार? ऐतखाऊ आहे. दुपारपर्यंत लोळत असतो." आणि शेवटी ठरलेलं, "बरं, ठमाबाई. ठेवू का आता?" ती म्हणायची, "थांबा ना जरा." मग ते थांबायचे. बाबांनाच जो नकोसा झाला होता, त्याचे लाड तिने का करावेत?

"पाटी एक," आतून बेलिफ म्हणाला. "हिच्यावर काहीतरी लिहिलंय. पुसू का?"

भाऊ धावला. पण पाटी आधी तिच्या हातात आली. अक्षर बाबांचं होतं, थरथरलेलं.

'माझी वाचा गेली हे तिला सांगू नकोस. खचेल ती. मी गेल्यावरही नको.'

तिने ते दोनदा वाचलं. "वाचा गेली? कधी?"

भावाने दोन बोटं वर केली.

"दोन दिवस आधी?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"दोन आठवडे?"

पुन्हा नाही. पुढचं विचारायचा तिला धीर होईना.

"दोन वर्षं?" बेलिफनेच विचारलं. भावाने मान खाली घातली.

मग त्याने यादीवर सही केली, पिशवी उचलली आणि किल्ल्या तिच्यापुढे धरल्या. तिने त्या परत त्याच्या मुठीत कोंबल्या. त्याने त्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि जिना उतरायला लागला.

"अरे, थांब ना जरा," तिला रडू फुटलं. "काहीतरी बोल."

तो अर्ध्या जिन्यात थांबला. वळला नाही. चार महिन्यांनी त्याने तोंड उघडलं, आणि आवाज बाबांचा आला.

"बरं, ठमाबाई. ठेवू का आता?"