ओठ झाला, डॉक्टर

अक्कलदाढ काढताना तुटलेली तिची नस डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी जोडली होती. खालच्या ओठाला कितपत कळतंय, ते आज पाहायचं होतं. आधी कापूस, मग सुई.

"डोळे मिटा. लागलं की बोट वर करा."

"नाटकं आहेत सगळी," भिंतीलगतच्या खुर्चीतून नवरा म्हणाला. "घरीही अशीच तोंड वाकडं करून बसते."

डॉक्टरांनी तिच्या ओठावर डावीकडे कापूस फिरवला. तिचं बोट हललं नाही. नवऱ्याने मात्र माशी बसल्यासारखा आपला ओठ डावीकडे पुसला.

उजवीकडे फिरवला. त्याने उजवीकडे पुसला.

डॉक्टरांनी सुई घेतली आणि तिच्या ओठाला हलकेच टोचली.

"आई गं!" नवरा ओरडला. त्याच्या हनुवटीवरून रक्त ओघळलं.

डॉक्टरांचा हात थबकला.

मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "ओठ झाला, डॉक्टर. आता जीभ. जोरात टोचा."